चित्रातला मोती आणि गल्लीतला मोती

मुलांच्या चित्रपुस्तकांतील कुत्रा बोलतो, हे योग्यच आहे. पंचतंत्रापासून प्राणी बोलत आले आहेत आणि मुले त्यांच्याकडून शहाणपण शिकत आली आहेत. ‘प्रथम बुक्स’ने २०१५ साली सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी चित्रपुस्तके मोबाइलवरही विनामूल्य वाचता येतात. पालकांनी ती मुलांना अवश्य वाचून दाखवावीत.

मात्र वाचताना एक प्रश्न विचारावा : “आपल्या गल्लीतला मोती कसा बोलतो?” तो शब्दांनी नव्हे, शरीराने बोलतो. अंग ताठ करणे, गुरगुरणे, दात दाखवणे याचा अर्थ ‘दूर राहा’ असाच असतो. शेपूट हलते म्हणजे तो खूशच आहे, असेही नाही. खाणाऱ्या, झोपलेल्या वा पिलांजवळच्या कुत्र्याला, मग तो घरचा का असेना, हात लावू नये.

याहून महत्त्वाचे म्हणजे मुलाने बोलणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, रेबीजचा संशय असलेल्या प्राण्यांनी चावलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के जण १५ वर्षांखालील असतात. घरचे रागावतील या भीतीने मूल चावा लपवते, ओरखड्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की मृत्यू जवळजवळ अटळ असतो. त्यापूर्वी वेळेत व पूर्ण उपचार झाले तर तो टाळता येतो. म्हणून “कशाला गेलास त्याच्याजवळ?” हा प्रश्न गिळून टाकावा आणि “बरे झाले सांगितलेस” असे म्हणावे.

जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काहीही लावू नये. तडक सरकारी रुग्णालय गाठावे. पोटातील चौदा इंजेक्शनांचा काळ केव्हाच सरला. त्वचेत दिल्या जाणाऱ्या लसीचे वेळापत्रक ०, ३, ७ आणि २८ व्या दिवसाचे असते. पहिल्या मात्रेचा दिवस शून्य धरावा. रक्त आले असल्यास जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते.

आपल्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबांनी एक ध्यानात ठेवावे. कारखान्याकडे निघताना मुलाच्या मात्रा राहिल्या असतील, तर लसीचे कार्ड सोबत न्यावे आणि तिथल्या सरकारी दवाखान्यात उरलेल्या मात्रा ठरल्या दिवशी पूर्ण कराव्यात. जखम भरली म्हणून लस थांबवू नये.