पाण्याचा काटा कोणाच्या हाती?



कापूस पिकवणाऱ्याला काट्याचे महत्त्व सांगावे लागत नाही. भाव कितीही जाहीर होवो, गाडी ज्या काट्यावर चढते तो काटा दुसऱ्याच्या ताब्यात असेल तर भावाला काही अर्थ राहत नाही. हे आम्ही फटके खाऊन शिकलो आणि काट्यापाशी उभे राहू लागलो. पण पाण्यालाही काटा असतो, तो चारीच्या तोंडाशी बसवता येतो आणि शेतकऱ्याला स्वतः वाचता येतो, हे आम्हाला कोणी सांगितले नाही. न सांगण्यातच अनेकांची सोय होती.

ठाकुर्लीचे उदाहरण घ्या. कल्याण आणि डोंबिवलीच्या मधले हे रेल्वे स्टेशन. या भागाची तहान उल्हास नदी भागवते. या नदीत कोणाचे पाणी येते? मावळातील आंध्रा नदी भीमेच्या खोऱ्यातली. तिचे पाणी पूर्वेकडे, पंढरपूर-सोलापूरच्या ज्वारीच्या मुलखाकडे जायचे. ठोकरवाडीच्या धरणाने ते अडवले आणि १९२२ पासून ते सह्याद्रीच्या कड्यावरून सुमारे पाचशे मीटर खाली भिवपुरीच्या वीजघरात सोडले जाते. वीज झाली की तेच पाणी उल्हासला मिळते. ठाकुर्लीच्या चाळीत राहणारी माणसे आमचीच आहेत, आमच्याच गावातून पोटासाठी गेलेली. त्यांच्या तोंडचे पाणी काढा असे आम्ही म्हणत नाही. आम्ही एवढेच दाखवतो की या वाटेवर पाण्याचा हिशेब कुठेही सुटत नाही. त्याच्या उंचीची वीज होते आणि ती युनिटवर विकली जाते. शहरे नदीतून जे पाणी उचलतात त्याचा आकार घनमीटरवर लागतो.

आता आमची चारी पाहा. नमुना नंबर सात भरा, पिकाचे नाव लिहा, हेक्टर लिहा. पाणीपट्टी हेक्टरवर आणि पिकावर. पाळीत पाणी किती आले याची नोंद शेतकऱ्याच्या हाती कुठेच नाही. इंडियाला घनमीटर आणि भारताला हेक्टर! हेक्टर हे जमिनीचे माप आहे, पाण्याचे नव्हे.

वाहते पाणी मोजता येत नाही, ही सबब खोटी आहे. पुण्याजवळ खडकवासल्याला जे जलसंशोधन केंद्र आहे त्याची सुरुवात १९१६ सालची. तिथे नाव कमावलेले इंग्लिस साहेब यांनी १९२८ साली मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यासाठी या मापावर टिपण लिहिले. १९७१ साली त्यावर भारतीय मानकही निघाले. इंजिनिअर त्याला स्टँडिंग वेव्ह फ्ल्यूम म्हणतात. आपण घळ म्हणू.

घळीचे तत्त्व साधे आहे. चारी एके ठिकाणी बांधीव आणि अरुंद करायची, तळ थोडा उचलायचा. घळीच्या वर पाणी तुंबून संथ होते. तिथे घळीच्या तळापासून त्याची जी उंची, ती त्याची ताकद, म्हणजे ऊर्जा. घळीत शिरताना या उंचीची वाटणी ठरलेली असते: दोन वाटे खोली राहते आणि एक वाटा वेगात जातो. एवढे पाणी याहून कमी ताकदीत त्या घळीतून जाऊच शकत नाही. या अवस्थेला क्रांतिक प्रवाह म्हणतात. इथे पाण्याचा वेग आणि पाण्यावरच्या लाटेचा वेग सारखा होतो. म्हणून खाली काही झाले तरी त्याची खबर वर पोचत नाही. वरची उंची वाचली की पाणी किती ते कळले. यंत्र नको, वीज नको. एक रंगवलेली पट्टी पुरते.

आकडे घालून पाहू. घळ अर्धा मीटर रुंद आणि वरची उंची ३० सेंटिमीटर. घळीत खोली २० सेंटिमीटर राहील आणि १० सेंटिमीटर वेगात जाईल. त्याचा वेग सेकंदाला १.४ मीटर. रुंदी, खोली आणि वेग यांचा गुणाकार केला की सेकंदाला १४० लिटर. आता पट्टीवर ३० ऐवजी २४ दिसले. तीन-चार बोटांचा फरक, कोणाच्या लक्षातही येत नाही. पण घळीतली खोली १६ होते, वेग १.२५ होतो आणि पाणी येते फक्त १०० लिटर. उंची शंभरात वीसने घटली, पाणी शंभरात अठ्ठावीसने. खोली आणि वेग दोन्ही एकदम घटतात म्हणून असे होते.

चोवीस तासांत १४० लिटरने १२,०९६ घनमीटर पाणी येते आणि १०० लिटरने ८,६४० घनमीटर. ज्वारीच्या हलक्या पाळीला आठ सेंटिमीटर पाणी धरले तर पहिल्यात पंधरा हेक्टर भिजते, दुसऱ्यात पावणेअकरा. मुरणारे पाणी धरलेच नाही. तीन-चार बोटांत एका दिवसाला साडेदहा एकर ज्वारी कोरडी राहिली आणि नोंदीत मात्र पाळी पूर्ण झाली!

कोरडवाहू शेतकरी विचारेल, आमच्या बांधाला कालवाच नाही, आम्हाला या घळीचे काय? तुम्हालाच जास्त आहे. बोंड भरताना एक पाणी, ज्वारी पोटरीत असताना एक पाणी, एवढ्यावर ज्याचे वर्ष तरते त्याला दर वेळी उत्तर मिळते की पाणी शिल्लक नाही. शिल्लक नाही हे कोणत्या हिशेबाने? वर बारमाही उसाला किती गेले, टेलला किती पोचले, वाटेत किती मुरले, हे चारी-चारीवर मोजलेच नसेल तर 'शिल्लक नाही' हा हिशेब नव्हे, हुकूम आहे. मोजलेल्या पाण्यातच वाटा मागता येतो.

काही भावांना भीती वाटते की मोजणी आली की दर वाढेल. दराची लढाई वेगळी आहे आणि ती आम्ही लढूच. पण काटा नको म्हणून भाव चांगला मिळाल्याचे कोणी ऐकले आहे काय? कायदाही आमच्या बाजूने आहे. सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याचा २००५ चा कायदा पाणी वापर संस्थांना घनमापनाने पाणी देण्याचे सांगतो. त्याआधीच, १९९१ च्या सुमारास, नाशिक जिल्ह्यात वाघाड धरणाच्या टेलला, ओझरच्या शेतकऱ्यांनी समाज परिवर्तन केंद्राच्या बापूसाहेब उपाध्ये यांच्या साथीने संस्था उभ्या केल्या आणि पाणी मोजून घेतले. मोजून घेतलेल्या पाण्यावर काय पिकवायचे हे त्यांनीच ठरवले. पुढे सबंध प्रकल्पाचा कारभार शेतकऱ्यांच्या संस्थांकडे आला.

एक गोष्ट मात्र आमच्याही अंगावर आहे. घळीच्या खालची चारी गाळाने, गवताने भरली किंवा कोणी पुढे दगडमाती टाकून पाणी अडवले, तर घळ बुडते. मग पट्टी उंची जास्त दाखवते आणि पाणी कमी येते. म्हणजे न आलेल्या पाण्याचे पैसे आपण भरणार. ओळखायची खूण सोपी आहे. घळ ओलांडल्यावर पाण्याने उसळी मारलेली दिसली पाहिजे. उसळी दिसत नसेल तर त्या नोंदीवर सही करू नका. आणि चारी साफ ठेवायला पाटकऱ्याची वाट पाहू नका.

जिल्हा बैठकीत चार मागण्यांचा ठराव करावा असे आम्ही सुचवतो. प्रत्येक चारीच्या तोंडाशी घळ आणि रंगवलेली पट्टी असावी. पट्टीशेजारी कोणत्या उंचीला किती लिटर याचा मराठी तक्ता असावा. पाळीत रोजच्या नोंदीवर पाटकरी आणि शेतकरी दोघांची सही असावी आणि ती वही गावात राहावी. पाणीपट्टी घनमीटरवर लागावी आणि पिकाचे स्वातंत्र्य शेतकऱ्याचे असावे.

हे दान नव्हे आणि सबसिडीही नव्हे. भिवपुरीला पाण्याची उंची युनिटांत मोजली जाते. आमच्या चारीवर ती सेंटिमीटरने मोजा, एवढेच आमचे म्हणणे आहे. ती मोजायला बसणार नसाल, तर पट्टी आम्हीच रंगवू.