मंदावलेला लॅपटॉप टाकावा कीं सुधारावा?

आमच्या धाराशिव जिल्ह्यांत लॅपटॉप हें आतां चैनीचें साधन राहिलेलें नाहीं. अभियांत्रिकीची सामायिक प्रवेश परीक्षा २०१९ पासून संगणकावर घेतली जाते. अकरावीचा प्रवेशही २०२५ पासून सर्व राज्यांत ऑनलाइन पद्धतीनें होऊं लागला. त्यामुळें भूम, परंडा, कळंब, उमरगा ह्या तालुक्यांतील खेड्यांतूनही एखादा लॅपटॉप, बहुधा दुसऱ्याचा वापरलेला, घरांत येतो. कांहीं काळानें तो मंदावतो, आणि 'हा जुना झाला, आतां नवा घ्या' असा हट्ट सुरू होतो. हा हट्ट अविचाराचा आहे असें आमचें मत आहे, व तें आमच्या विद्यार्थिमित्रांपुढें आणि त्यांच्या पालकांपुढें सकारण मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

सन २०२५ च्या सप्टेंबरांतील अतिवृष्टीनें ह्या जिल्ह्यांतील उभीं पिकें पाण्यांत गेलीं. ज्या घरीं दारच्या उस्मानाबादी शेळ्या विकून मुलांची फी भरावी लागते, तेथें नव्या यंत्राचा खर्च म्हणजे कोणाच्या तरी शिक्षणावर किंवा औषधावर पडलेला घाला होय. शिवाय आड आटला म्हणून आमचे लोक लागलीच दुसरा आड खणीत नाहींत. आधीं जुन्यांतील गाळ उपसून पाहतात. हाच न्याय यंत्रास कां लावूं नये?

प्रथम रोग कोठें आहे हें पाहावें. विंडोजच्या लॅपटॉपवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ह्या तीन कळा एकदम दाबिल्या असतां टास्क मॅनेजर उघडतो. त्यांत प्रोसेसर, मेमरी व डिस्क ह्यांवर किती भार आहे तें शेंकड्यांत दिसतें. जेथें आकडा सतत शंभराच्या आसपास राहतो, तेथें अडचण आहे असें समजावें.

मेमरी, म्हणजे रॅम, ही अभ्यासाच्या टेबलासारखी, आणि डिस्क ही पुस्तकांच्या कपाटासारखी असते. टेबल लहान असून त्यावर वह्या-पुस्तकांचा ढीग पडला, म्हणजे प्रत्येक पुस्तकासाठीं कपाटाकडे खेपा घालाव्या लागतात. यंत्राचेंही तसेंच होतें. म्हणून यंत्र सुरू होतांच आपोआप जागे होणारे अनावश्यक प्रोग्रॅम 'स्टार्टअप' ह्या विभागांतून बंद करावे, ब्राउझरांत उघडीं ठेविलेलीं वीस-पंचवीस पानें मिटावीं, व न लागणारे प्रोग्रॅम काढून टाकावे. ह्यास एक पैसाही पडत नाहीं. उलट 'एका क्षणांत वेग वाढवा' अशी जाहिरात करणारे प्रोग्रॅम घेऊं नयेत. ते स्वतःच टेबलावरील आणखी एक ओझें होतात.

पुष्कळ जुन्या लॅपटॉपांतील हार्ड डिस्क ही मिनिटास ५४०० फेरे घेणारी तबकडी असते. हवी ती माहिती वाचणाऱ्या टोकाखालीं येईपर्यंत यंत्रास थांबावें लागतें. एसएसडी ह्या साधनांत फिरणारा भागच नसल्यानें ही वाट पाहणें टळतें. तबकडी काढून एसएसडी बसविली असतां मंद लॅपटॉपांत जो फरक पडतो, तो अन्य कोणत्याही एका उपायानें क्वचितच पडतो; आणि खर्च नव्या लॅपटॉपच्या मानानें थोडा असतो. मात्र आधीं आपल्या फाइलींची दुसरी प्रत काढून ठेवावी.

तिसरें कारण धूळ व उष्णता. प्रोसेसर तापला म्हणजे स्वतःच्या रक्षणार्थ आपला वेग आपणच कमी करितो. आमच्याकडील उन्हाळ्यांत लॅपटॉप गादीवर किंवा गोधडीवर ठेवून वापरिला, तर त्याचीं हवेचीं छिद्रें बुजतात. तो फळीवर ठेवावा, आणि आंतील पंख्याची धूळ जाणत्याकडून काढवून घ्यावी.

येथें कोणी म्हणतील कीं विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला, आणि विंडोज ११ जुन्या प्रोसेसरांस स्वीकारीत नाहीं. मग सुधारून काय लाभ? आक्षेप खरा आहे. सुरक्षेच्या दुरुस्त्या न मिळणाऱ्या यंत्रावर बँकेचे व्यवहार करूं नयेत. परंतु त्यावर लिनक्स हा विनामूल्य मार्ग आहे. १९८८ सालीं पुण्यांत स्थापन झालेल्या सी-डॅक ह्या सरकारी संस्थेनें भारतीय भाषांची सोय असलेली 'बॉस' ही लिनक्सची आवृत्ति सिद्ध केली आहे. लेखन, वाचन, अर्ज भरणें, व्याख्यानें पाहणें हीं कामें लिनक्सवर होतात. कांहीं विशिष्ट प्रोग्रॅम मात्र विंडोजवरच चालतात, ह्याची चौकशी आधीं करावी.

प्रत्येक यंत्र वांचवितां येतें असें आमचें म्हणणें नाहीं. मुख्य बोर्ड जळाला असेल, किंवा रॅम अत्यल्प असून ती वाढविण्याची सोयच नसेल, तर नवें घेणें हेंच शहाणपण होय. पण तो निर्णय परीक्षेनंतरचा असावा, कंटाळ्यानंतरचा नसावा. टाकलेलें यंत्रही उकिरड्यावर जाळूं नये. त्यांतील शिसें माती व हवा नासवितें. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. तें अधिकृत पुनर्वापर केंद्राकडेच सोंपवावें.

आमची सूचना एवढीच कीं, प्रत्येक शाळेनें सत्रांतून एक शनिवार यंत्रशुद्धीस द्यावा. शिक्षकांच्या देखरेखीखालीं मुलांनीं शाळेचे व घरचे लॅपटॉप तपासावे, दोष वहींत टिपावा, आणि मगच उपाय करावा. त्यांतून पैसा तर वांचेलच. पण बिघडलेल्या वस्तूपुढें हात टेकण्याआधीं तिचें कारण शोधण्याची जी संवय लागेल, ती त्यांस जन्मभर पुरेल. पालकांनींही नव्या लॅपटॉपचे पैसे मोजण्यापूर्वीं मुलास एकच प्रश्न विचारावा: 'ह्यांत मंद काय आहे, तें तूं पाहिलेंस का?'