रक्त थांबलं म्हणजे रोग थांबला असं नाही

ब्रश करून चूळ भरली की बेसिनमध्ये गुलाबी ओघळ दिसतो. आपल्यापैकी कितीतरी जण तो रोज पाहतात आणि नळ सोडून वाहून जाऊ देतात. हेच रक्त डोळ्यातून आलं असतं तर त्याच रात्री इमर्जन्सी गाठली असती. हिरडीतून आलं की मात्र "उष्णता झाली असेल" एवढ्यावर विषय मिटतो. या उष्णतेवर पूर्वी भारतातून येणाऱ्या बॅगेत उतारा असायचा. आता तो चायनाटाउनच्या दुकानात आणि ऑनलाइनही मिळतो. त्याचं नाव 'छिंग वेई सान', म्हणजे जठराचा दाह शमवणारं चूर्ण. सुजलेल्या, रक्त येणाऱ्या हिरड्यांसाठी चिनी वैद्यकातलं हे सर्वात प्रसिद्ध औषध.

आपल्या लोकांना हे औषध पटकन पटतं, कारण त्यामागचा विचार ओळखीचा वाटतो. बाराव्या-तेराव्या शतकातले वैद्य ली तुंगयुआन यांचा हा पाठ. चिनी वैद्यकाच्या मते जठराची नाडी हिरड्यांतून जाते. तिखट, तेलकट, अती खाणं झालं की जठरात आग साठते आणि ती वर चढून हिरड्या सुजवते, तोंडाला वास आणते. त्यावर पाच वनस्पती: हुआंग ल्यान नावाचं अतिशय कडू मूळ, रेहमानियाचं कच्चं मूळ, दांग गुई, एका पिओनीच्या मुळाची साल आणि शंग मा. हुआंग ल्यानचा पिवळा रंग ज्या बर्बेरीनमुळे येतो, ते आपल्या दारुहळदीतही असतं. पित्त-उष्णतेच्या भाषेत वाढलेल्या मराठी माणसाला यात परकं काही वाटत नाही.

माझा आक्षेप ली तुंगयुआन यांच्यावर नाही. सूक्ष्मदर्शक नसलेल्या काळात, समोरचा रोगी नीट पाहून त्यांनी एक सुसंगत विचार मांडला. माझा आक्षेप आज, हातात स्मार्टफोन असताना, त्या पुडीला दात साफ करण्याचा पर्याय समजणाऱ्यांवर आहे.

हिरड्या का सुजतात हे आता गूढ राहिलेलं नाही. १९६५ साली डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणं बंद करायला सांगितलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लावल्यावर साधारण आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. कोणाला काढा दिला नव्हता, कोणाचं पथ्य बदललं नव्हतं. दातांवर जंतूंचा चिकट थर साचू दिला तेव्हा सूज आली, आणि तो थर काढला तेव्हा ती गेली.

तो थर वेळेवर निघाला नाही की त्यात क्षार बसून त्याचा दगड होतो. त्याला आपण टार्टर म्हणतो. तो ब्रशने निघत नाही, मिठाने निघत नाही, आणि पोटातून गेलेल्या कुठल्याही औषधाने तर नाहीच. तो खरवडूनच काढावा लागतो. तसाच राहिला तर हिरडी दातापासून सुटते, मध्ये खिसा तयार होतो आणि आत जबड्याचं हाड झिजू लागतं. हिरडीची सूज बरी होते. झिजलेलं हाड मात्र सहसा आपणहून परत येत नाही. या दोन टप्प्यांमधला काळ फार मोलाचा असतो, आणि पुडीवर विसंबणारा माणूस नेमका तोच घालवतो. हे सगळं बहुधा न दुखता चालतं, त्यामुळे काही घालवतो आहोत हे त्याला कळतही नाही.

"पण बर्बेरीन जंतू मारतं, संशोधन आहे," असं यावर हमखास सांगितलं जातं. प्रयोगशाळेतल्या बशीत मारतं, हे खरं. पण दातावरचे जंतू बशीतल्यासारखे सुटे नसतात. त्यांनी स्वतःभोवती चिवट आवरण विणलेलं असतं. आणि चीनमधल्या ज्या चाचण्यांचा दाखला दिला जातो, त्यांतल्या बऱ्याच चाचण्यांत औषध स्केलिंगच्या जोडीला दिलेलं असतं, स्केलिंगऐवजी नव्हे. शांघायच्या दंतरुग्णालयात अशा हिरड्या घेऊन गेलात तर तिथलेही डॉक्टर आधी दात साफ करतील. मग न्यू जर्सीतल्या आपणच चिन्यांपेक्षा जास्त चिनी का व्हायचं?

शिवाय ही पुडी कपाटावरून उचलून घेणं हा त्या वैद्यकाचाही अपमान आहे. छिंग वेई सान हे चिनी वैद्यांच्या दृष्टीने सरसकट 'हिरड्यांचं औषध' नाहीच. जीभ, नाडी, तहान, प्रकृती पाहून दाह खरोखर प्रबळ असेल तरच ते देतात. दाहासोबत शरीर शुष्क, क्षीण झालेलं असेल तर 'यू न्यू च्येन' नावाचा दुसरा काढा देतात. त्यातली एक वनस्पती तर आपल्या आघाड्याची सख्खी बहीण आहे, ज्याच्या काडीने आपल्या आज्या ऋषिपंचमीला दात घासायच्या. परंपरेचा एवढा अभिमान असेल तर निदान तिच्या नियमांनी चाला. नुसतं लेबल वाचून औषध घेणं कुठल्याच परंपरेत बसत नाही.

"मी घेतलं आणि रक्त थांबलं, आता बोला." बोलतो. रक्त थांबवणं आणि रोग थांबवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. युन्नान बाययाओ ही चीनमधली अतिशय खपाची टूथपेस्ट, हिरड्यांचं रक्त थांबवणारी म्हणून नावाजलेली आणि पारंपरिक वनौषधींच्या वलयात विकली जाणारी. २०१८ साली चीनमध्येच तिच्यावरून गदारोळ झाला, कारण तिच्या घटकांमध्ये ट्रानेक्झॅमिक अॅसिड होतं. हे रक्तस्राव थांबवण्यासाठी रुग्णालयात वापरलं जाणारं आधुनिक औषध आहे. टूथपेस्टमध्ये ते वापरायला परवानगी आहे, असं कंपनीने सांगितलं. ते मान्य केलं तरी प्रश्न उरतोच: रक्त नेमकं कोणी थांबवलं? आणि खालचा दगड गेला का? धुराचा अलार्म वाजतो म्हणून त्याची बॅटरी काढण्यासारखंच आहे हे.

याहून वाईट प्रकारही आहे. हिरड्या सुजणं, घसा सुजणं, तोंड येणं यांवर घराघरात घेतली जाणारी 'न्यू हुआंग च्ये दू' ही चिनी गोळी. तिच्या पारंपरिक पाठात रिअलगार असतं. रिअलगार म्हणजे आपली मनशीळ, आर्सेनिकचं खनिज. "नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट नाहीत" असं म्हणणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. आर्सेनिकसुद्धा नैसर्गिकच आहे.

इथे "चिनी माल असाच असतो" म्हणून हसणाऱ्यांनी जरा थांबावं. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी अमेरिकेतल्या बॉस्टन परिसरातल्या देशी किराणा दुकानांतून ७० आयुर्वेदिक औषधं विकत घेऊन तपासली गेली. त्यांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. ही दुकानं आपली, गिऱ्हाईकही आपलंच. तेव्हा मुद्दा चीनचा नाही. पुडीत काय आहे, किती आहे आणि कोणी तपासलं, हे तीन प्रश्न चिनी पुडीला विचारायचे आणि देशी डबीला विचारायचे नाहीत, ही लबाडी झाली. अमेरिकेत १९९४ च्या कायद्याने अशी उत्पादनं सप्लिमेंट म्हणून विकता येतात. विक्रीपूर्वी ती उपयोगी आहेत हे सरकारला सिद्ध करून दाखवावं लागत नाही. दुकानात मिळतं म्हणजे कोणीतरी पाहिलं असेल, हा समज सोडून द्या.

आपल्या घरांत धोका आणखी वाढतो, कारण सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांच्या गोळ्यांची पिशवी भरलेली असते. रक्तदाबाच्या अॅम्लोडिपीनने काही जणांच्या हिरड्या वाढतात, सुजतात. तिथे औषध बदलायचं की नाही हे डॉक्टरांनी ठरवायचं, जठराची आग शोधत बसायचं नाही. वॉरफरिन घेणाऱ्याने दांग गुई घेतलं तर रक्तस्राव वाढू शकतो. मधुमेहाच्या गोळ्यांवर बर्बेरीनची भर पडली तर साखर जास्त उतरू शकते. आणि मधुमेह व हिरड्यांचा रोग एकमेकांना बळ देतात: साखर वाढली की हिरड्या बिघडतात, हिरड्या बिघडल्या की साखर आवरत नाही. ज्या समाजात घरटी एक मधुमेही सापडतो, त्याने हिरड्यांच्या रक्ताला किरकोळ म्हणणं परवडणारं नाही.

आता पुडीवाल्यांचा एकमेव खरा मुद्दा: डेंटिस्ट परवडत नाही. हा मुद्दा मी उडवून लावणार नाही. अमेरिकेत दातांचा विमा वेगळा, आणि त्याची वार्षिक मर्यादा बऱ्याचदा हजार-दोन हजार डॉलरची. खोलवर साफसफाई करायची तर तोंडाचे चार भाग पाडून प्रत्येकाचं वेगळं बिल. मूळ मेडिकेअरमध्ये नेहमीचे दातांचे उपचार बसत नाहीत. पाहुण्या आई-बाबांचा विमा सहसा अचानक उठलेल्या दुखण्यापुरताच. ब्रिटनमध्ये एनएचएसचा डेंटिस्ट मिळणं हीच एक लढाई. हा अन्याय आहे आणि त्याविरुद्ध बोललंच पाहिजे.

पण अन्यायावर उतारा म्हणून पुडी घेतली तर नुकसान आपलंच होतं. पुडीही फुकट नसते, आणि पडलेल्या दाताच्या जागी इम्प्लांट बसवायला काही हजार डॉलर लागतात. त्याऐवजी जवळचं डेंटल कॉलेज शोधा. तिथे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली बरंच स्वस्तात काम करतात. उत्पन्नानुसार फी घेणारी सामुदायिक आरोग्य केंद्रं आहेत. ब्रिटनमध्ये गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर वर्षभर एनएचएसचे दातांचे उपचार मोफत असतात. त्याच काळात हिरड्या जास्त सुजतात, तेव्हा तो हक्क वापरा. आई-बाबा येणार असतील तर निघण्यापूर्वी पुण्यात, नाशकात, जिथे असतील तिथे दात साफ करून घ्यायला सांगा. लोणच्याच्या बरणीइतकं तरी महत्त्व त्याला द्या.

आणि चीनकडून काही घ्यायचंच असेल तर टूथब्रश घ्या. डुकराचे राठ केस दांडीत बसवून केलेला ब्रश ही मुळात त्यांचीच देणगी. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन मिनिटं, दातांच्या फटीत दोरा, आणि वर्षा-सहा महिन्यांनी खरवडून घेणं. एवढं करून वर कोणाला चांगल्या, परवानाधारक वैद्याच्या सल्ल्याने, आपल्या डॉक्टरला सांगून काढा प्यायचा असेल तर खुशाल प्यावा. मात्र क्रम हाच राहू द्या. आणि उद्या बेसिनमध्ये पुन्हा तो गुलाबी ओघळ दिसला तर नळ सोडण्याआधी अपॉइंटमेंटसाठी फोन करा.