घरचंच तर आहे, त्याचे काय पैसे?

मार्च महिना लागला की आपल्याकडे गच्चीवर, अंगणात, माळवदावर जुनी लुगडी अंथरली जातात. कुरडया, शेवया, पापड, खारोड्या... वाळवणाचे दिवस सुरू होतात. आणि याच दिवसांत बचतगटाच्या बैठकीत कुणीतरी हमखास म्हणतं, "ताई, आपण पापडाचा धंदा सुरू करायचा का? फार भांडवल लागत नाही." लगेच दुसरी म्हणते, "लागत नाही कसं? जे लागतं ते तरी आणायचं कुठून?" मग चर्चा कर्जावर जाते, अनुदानावर जाते आणि चहा होऊन बैठक संपते.

सेलू, मानवत, जिंतूर, पूर्णा या भागांतल्या गटांच्या बैठकांना मी अनेक वर्षं जाते. भांडवल कमी म्हणून न उभे राहिलेले धंदे मी पाहिलेत. पण उभे राहून वर्ष-दीड वर्षात बंद पडलेले त्याहून जास्त पाहिलेत. बंद का पडला म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं : "काय करावं बाई, राब राब राबायचो आणि हाती काहीच उरायचं नाही." का उरत नव्हतं? कारण हिशेबात डाळ होती, तेल होतं, पिशव्या होत्या, पण करणारणीचे हात नव्हते. "घरचंच तर आहे, त्याचे काय पैसे धरायचे?" हे वाक्य आपल्या तोंडात इतकं बसलंय की ते आपलंच नुकसान करतंय हे लक्षातही येत नाही.

आता जरा वही-पेन घ्या आणि माझ्याबरोबर हिशेब करा. आकडे आपापल्या गावच्या भावाप्रमाणे बदलून घ्या. समजा, तिघीजणींनी मिळून पाच किलो उडदाच्या पिठाचे पापड केले. डाळ १३० रुपये किलोने ६५० रुपये. पापडखार, मिरे, हिंग, तेल, मीठ १५० रुपये. दळण ५० रुपये. पिशव्या आणि लेबल ६० रुपये. बाजारात नेण्याचं ऑटोभाडं ६० रुपये. झाले ९७० रुपये. वाळून साडेपाच किलो पापड हाती आले. गल्लीत सगळ्याजणी २२० रुपये किलोने देतात म्हणून आपणही त्याच भावाने दिले. आले १,२१० रुपये. खर्च वजा जाता उरले २४०. तिघींत वाटले तर एकीला ८० रुपये!

हे ८० रुपये कशाचे? पीठ भिजवून कुटायचं, लाट्या करायच्या, कंबर धरेपर्यंत लाटायचं, उन्हात वाळवायचं, शेळ्या-कावळ्यांपासून राखायचं, मोजून भरायचं. अख्ख्या दिवसाचं काम. २०२५-२६ या वर्षासाठी रोजगार हमीच्या कामाचा दर महाराष्ट्रात दिवसाला ३१२ रुपये ठरलेला होता. म्हणजे मातीकाम करणाऱ्या बाईला सरकारने जे देऊ केलं, त्याच्या जेमतेम चौथा हिस्सा आपण स्वतःला देतो. आणि वर म्हणतो, "माझा घरगुती उद्योग आहे."

आता तोच हिशेब मजुरी धरून करा. तिघींचे ३१२ प्रमाणे ९३६ रुपये. खर्चाच्या ९७० मध्ये मिळवले तर १,९०६. साडेपाच किलोंनी भागलं की किलोमागे ३४६ रुपये नुसता खर्चच. मोडतोड, पावसाने भिजलेला एखादा घाणा आणि पुढच्या खेपेच्या मालासाठी थोडी भर टाकली, तर भाव ३८० च्या घरात जातो.

हा आकडा सांगितला की बैठकीत गलका होतो. "अगं बया! एवढ्या महागाचे पापड घेणार कोण?" प्रश्न रास्त आहे. पण आधी किराणा दुकानात जाऊन कंपनीच्या पाकिटावरचं वजन आणि किंमत वाचा, किलोचा भाव काढा. बहुतेकींना तेव्हा कळतं की जे गिऱ्हाईक आपल्याशी पाच रुपयांसाठी घासाघीस करतं, ते तिथे छापील किमतीला मुकाट्याने पैसे मोजतं. एवढं करूनही भाव बसत नसेल तर घड्याळ लावून पाहा. तिघींऐवजी दोघींत तेवढंच काम होतं का? तरीही जमत नसेल, तर तो माल आपल्या धंद्याचा नाही, दुसरा निवडायचा. हे सुरुवातीलाच, पाच किलोवर कळलेलं बरं. पन्नास किलो करून कळलं तर अंगावरचं सोनं जातं.

ऐंशी रुपयांची गोष्ट

लिज्जत पापडाचं नाव माहीत नाही अशी बाई सापडायची नाही. पण त्याच्या सुरुवातीचा हिशेब थोड्याच जणींना माहीत असतो. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या सात गुजराती गृहिणींनी इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला घेतले. भांडवल ८० रुपये, तेही छगनलाल करमशी पारेख या समाजसेवकांकडून उसने घेतलेले. पहिल्या दिवशी झाली चार पाकिटं. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये. त्यातही पावसाळ्यात चार महिने काम बंद ठेवावं लागलं, कारण पापड वाळेनात. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. झालं काम! यंत्र नाही, शेड नाही. जी अडचण आली तेवढ्यापुरताच खर्च.

त्यांनी सुरुवातीलाच काही गोष्टी ठरवल्या. तोटा आला तरी कुणाकडे देणगी मागायची नाही. स्वस्तातला एक हलका पापड काढावा असाही विचार झाला होता, पण छगनबाप्पांनी एकच दर्जा ठेवायला सांगितलं आणि हिशेब चोख ठेवायला शिकवलं. पुढे १९६२ मध्ये 'लिज्जत' हे नाव पडलं, १९६६ मध्ये संस्थेची नोंदणी झाली आणि खादी व ग्रामोद्योग आयोगाची मान्यता मिळाली. त्या सातजणींतल्या जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. आज तिथे हजारो बायका काम करतात.

मला यात सगळ्यात मोलाची वाटते ती तिथली कामाची पद्धत. पीठ एका ठिकाणी मळलं जातं. बाई ते घरी नेते, लाटते, वाळलेले पापड परत आणून देते आणि लाटण्याची मजुरी घेते. म्हणजे मजुरी पहिली, नफ्याचा विचार त्यानंतर. आपल्याकडे उलटं असतं. सगळ्यांचं देऊन झाल्यावर उरलं तर आपलं. आणि उरत काही नाही.

आपल्या गंगाखेडची संत जनाबाई. तिला दळू लागायला प्रत्यक्ष विठ्ठल आला असं आपण लहानपणापासून ऐकतो. बाईचं दळण-कांडण देवाला कष्टाचं वाटलं म्हणून त्याने जात्याला हात लावला ना? मग ते आपल्यालाच कष्टाचं का वाटू नये?

दोन डबे आणि एक स्कॅनर

पैसा थोडा असला की तो सांभाळणं फार महत्त्वाचं. त्यासाठी घरात दोन डबे ठेवा. एक घरखर्चाचा, एक धंद्याचा. धंद्याच्या डब्यातून लेकराच्या फीला पैसे काढले तर "उसने घेतले" असं वहीत लिहा आणि परत टाका. घरची डाळ, घरचं तेल धंद्याला वापरलं तर तेही बाजारभावाने लिहा. पहिले चार दिवस हसू येईल. महिनाअखेरीला कळेल की धंदा घराला पोसतोय की घर धंद्याला.

उधारी हा आपल्या छोट्या गावांतला मोठा रोग. शेजारीण, नणंद, ओळखीच्या बाई, सगळे आपलेच. नाही म्हणायची पंचाईत. पण गोड बोलून सांगता येतं, "आत्याबाई, चवीला दोन पापड न्या, आवडले तर किलोभर रोखीने घ्या." पुढच्या खेपेची डाळ त्याच पैशातून यायची असते हे एकदा मोकळेपणाने सांगितलं तर बहुतेक माणसं समजून घेतात. आणि आपणही दुसरीकडून घेताना पैसे देऊनच घ्यावं. मैत्रिणीचा धंदा म्हणजे फुकटचा हक्क नव्हे.

आता एक नवीन गोष्ट. भाजीवालीकडेसुद्धा हल्ली मोबाईलवर पैसे घ्यायचा स्कॅनर असतो. पण तो कुणाच्या खात्याला जोडलाय, हे कधी विचारलंय? पुष्कळदा नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या. कष्ट हिचे, गिऱ्हाईक हिचं, पैसा दुसऱ्या खात्यात. भांडण करा असं मी म्हणत नाही. पण धंद्याचं खातं आपल्या नावाचं असावं. उद्या बँकेत कर्ज मागायला गेलात तर खात्यावरची उलाढालच तुमची साक्ष देते.

कर्ज घ्यायचं, पण कधी?

कर्जाला माझा विरोध नाही. १९९२ मध्ये नाबार्डने बचतगटांना बँकांशी जोडायला सुरुवात केली आणि लाखो बायकांना सावकाराच्या दारातून बाहेर काढलं. २०१५ मध्ये मुद्रा योजना आली, तिच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज तारणाशिवाय ठेवलं गेलं. सोयी आहेत. पण पुष्कळदा कर्ज आधी येतं आणि धंदा नंतर शोधला जातो. मग ते पैसे बियाण्याला, लग्नाला, दवाखान्याला जातात. गरज खरी असते, नाही कशी म्हणणार? पण हप्ता मात्र बाईच्या नावावर राहतो. दर आठवड्याला दारात वसुलीवाला उभा राहिला की एक फेडायला दुसरं कर्ज काढलं जातं. त्यातून सुटणं फार अवघड.

म्हणून माझं मत असं, की पहिल्या तीन खेपा स्वतःच्या किंवा गटाच्या बचतीतून करा. पाच किलो, दहा किलो एवढ्याच. मजुरी धरून पैसे सुटतात हे वहीत दिसलं, मागणी हाताबाहेर जाऊ लागली, की मग कर्ज. यंत्र त्याच्याही नंतर. दळण-कांडपाला गावात गिरणी आहे ना? चार पैसे देऊन करून आणा. अनुदान मिळतंय म्हणून घेतलेली आणि कपड्याखाली झाकून ठेवलेली शेवयांची यंत्रं मी पाहिली आहेत. अनुदान बहुतेक वेळा कर्जाच्या मागून येतं, हेही लक्षात असू द्या.

कागदपत्रं मात्र सुरुवातीपासून नीट हवीत. खाण्याचा पदार्थ विकायचा तर अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते, छोट्या धंद्याला तिचा खर्च फार नाही. पाकिटावर पदार्थाचं नाव, घटक, वजन, किंमत, तयार केल्याची तारीख, नोंदणी क्रमांक आणि आपला पत्ता लिहायला हवा. 'उद्यम' नोंदणी २०२० पासून सरकारी संकेतस्थळावर मोफत होते. त्या फीच्या नावाखाली कुणी हजार रुपये मागत असेल तर देऊ नका.

पापडच कशाला?

शेवटचं एक सांगते. एकीने पापड केले की दहाजणी पापडच करतात आणि मग एकमेकींचा भाव पाडतात. आपल्या जिल्ह्याकडे बघा ना. आपण ज्वारीच्या मुलखातल्या बायका. परभणीच्या कृषी विद्यापीठाने 'परभणी शक्ती' नावाचं लोह आणि जस्त जास्त असलेलं ज्वारीचं वाण २०१८ मध्ये आणलं. २०२३ हे वर्ष जगभर भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं झालं. सोलापूरच्या बायकांनी ज्वारीची कडक भाकरी पाकिटात घालून दूरवर पोचवली. आपल्या हातालाही भाकरी येते, धपाटे येतात, येसर आणि काळा मसाला येतो. परभणीत शिकायला आलेली मुलं-मुली आहेत, बदलीवर आलेले नोकरदार आहेत. त्यांना रोज गरम भाकरी हवी असते. तिथे माल वाळवायचा नसतो, साठवायचा नसतो, पैसे महिन्याच्या महिन्याला येतात. वर्षातून एकदा प्रदर्शनात स्टॉल मांडून बसण्यापेक्षा रोजची दहा गिऱ्हाइकं केव्हाही चांगली.

धंदा कोणताही निवडा. चौघीजणी मिळून करणार असाल तर काम कोण किती करणार, भाव कोण ठरवणार, पैसे कुणाकडे राहणार आणि वही दर आठवड्याला सगळ्यांसमोर कोण वाचणार, हे आधी ठरवा. गट फुटतात ते पैसा कमी पडला म्हणून क्वचितच, बहुतेक वेळा हिशेब दिसला नाही म्हणून. वाचता न येणारी बाई गटात असेल तर तिला मोठ्याने वाचून दाखवा. तिच्याही घामाचा तो हिशेब आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला नवी वही घेऊन जा. डाळीचा, तेलाचा भाव खाली लिहा. सगळ्यांत वरच्या ओळीवर लिहा : आपली मजुरी. मग बघा, तुमचा धंदा नेमका केवढ्याचा आहे ते.