पाठीवरचे ओझे आणि सड्यावरचे

सांबरा म्हटले की आपल्याकडच्या जुन्या मंडळींना आठवते ती धावपट्टी. बेळगावच्या पूर्वेस दहा-बारा किलोमीटरांवर, १९४२ साली, महायुद्धाच्या धामधुमीत ब्रिटिश हवाई दलाने ती तयार केली. आता तेथे मोठ्या शहरांतून येणारी प्रवासी विमाने उतरतात, आणि सुट्टीच्या दिवसांत त्यांतून उतरणाऱ्यांत एक नवी जात दिसू लागली आहे. पाठीवर एवढीशी पिशवी, पायांत हलके बूट, हातात घडीची काठी. चुलीचा गॅसचा डबा विमानात चालत नाही, म्हणून तेवढा बेळगावात शोधायचा. बाकीचे बिऱ्हाड पाठीवर. तेथून ही मुले तडक पश्चिमेला चंदगड, तिलारी, आंबोलीकडे वळतात आणि एक-दोन रात्री उघड्या सड्यावर काढून परततात. आपल्या कोल्हापुरातल्या घराघरांतूनही आता हे वेड शिरले आहे. गाण्याच्या शिकवणीला शनिवारी दांडी पडली की मी कारण विचारीत नाही.

हे वेड मला आवडते, हे आधीच सांगून टाकतो. अन्नपाणी वगळता साडेचार किलोंच्या आत सारे सामान बसवायचे, असा या पंथाचा कडक नियम आहे. त्याचे मूळ अमेरिकेत दाखवतात. एमा गेटवूड नावाच्या सदुसष्ट वर्षांच्या आजीबाई १९५५ साली ॲपलाशियन डोंगरांतली तीन हजार किलोमीटरांहून लांबीची वाट एकट्या चालून गेल्या. घरी शिवलेली एक झोळी, एक कांबळे आणि पावसासाठी न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा, एवढाच त्यांचा संसार. वाटेतल्या अनोळखी घरांनी त्यांना अनेकदा भाकरतुकडा आणि अंथरूण दिले, ही गोष्ट मात्र सामानाच्या याद्या करणारे विसरतात.

आपल्याकडे याच्या अगदी उलट परंपरा होती ती संस्थानी शिकारीच्या मुक्कामाची. माझे वडील दरबारी गवई. १९४९ साली संस्थान विलीन झाले तेव्हा ते विशीत होते. त्यांच्या तोंडून राहुट्या, कनाती, भटारखाना आणि तंबोऱ्यांच्या गवसण्या वाहणाऱ्या माणसांची वर्णने मी ऐकली आहेत. ते वैभव खरे, पण जंगलात जाऊन वाडाच उभारायचा असेल तर जंगलात जायचे कशाला, हा प्रश्न उरतोच. खरा हलका प्रवासी त्या वेळीही शेजारच्या माळावर होता. घोंगडी, काठी आणि भाकरीचे गाठोडे घेऊन निघणारा मेंढपाळ धनगर पावसाचा अंदाज घेत रान बदलतो, रात्री कुणाच्या तरी शेतात मेंढरे बसवतो. शेताला खत मिळते, त्याला धान्य. मुक्कामाचा मोबदला तो असा जमिनीलाच देऊन जातो.

आता सड्याकडे वळू. सडा म्हणजे जांभ्या दगडाचे उघडे पठार. दुरून ओसाड दिसते, आणि महसुली कागदांत असली जमीन पोटखराब म्हणून पडते. पण आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. बेळगावला त्याचा जेमतेम पाचवा हिस्सा. त्या पावसात बोटभर मातीवर गेंद उगवतो, सीतेची आसवे निळी होतात, दवबिंदू किडे धरतो. कातळावरच्या उथळ डबक्यांत एक लहानसा भेक अंडी घालतो. शास्त्रज्ञांनी त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली ती २००९ साली, आणि तो सापडतो फक्त आंबोलीच्या परिसरात. ज्या डबक्यात बूट धुवावेसे वाटतात ते त्याचे बाळंतघर असू शकते.

कोरड्या दिवसांत तरी बिनघोर झोपावे म्हणाल, तर तेही नाही. जांभ्यात तंबूची खुंटी शिरत नाही. मग दोर ताणायला आजूबाजूचे सुटे दगड गोळा होतात. त्या दगडांखालीच पाली, विंचू, बेडूक, देवगांडूळ उन्हाळा काढतात. दगड हलला की खालची ओल गेली, आणि तिच्या आधाराने जगणारेही गेले. शिवाय वाळलेल्या गवतावर शेकोटीची एक ठिणगी पुरते. पाठीवरचे ओझे चार किलोंवर आणणाऱ्याने पठारावर किती ओझे टाकले, याचा काटा अजून कुठल्या दुकानात मिळत नाही. बॉक्साइटच्या खाणींनी राधानगरी-चंदगडाकडचे सडे खरवडले तेव्हा आपण हळहळलो. तंबूची जखम त्या मानाने लहान, पण ती दर शनिवारी होते.

आणि ही जमीन कोणाची? आंबोली, गेळे, चौकुळ या गावांत सावंतवाडी संस्थानापासून चालत आलेली कबुलायतदार गावकर पद्धत आहे. जमीन गावाच्या सामाईक वहिवाटीची, आणि तिच्या हक्कासाठी गावकरी दशकानुदशके कचेऱ्यांचे उंबरे झिजवीत आले आहेत. इंग्लंडात डार्टमूर नावाची अशीच मोठी उघडी माळराने आहेत. तेथे एका जमीनमालकाने रात्रीच्या मुक्कामाला हरकत घेतली. जानेवारी २०२३ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला, त्याच वर्षी अपिलात फिरला, आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९८५ च्या कायद्याचा अर्थ लावून लोकांचा तंबू ठोकण्याचा हक्क कायम केला. आमची मुले हा निकाल उत्साहाने सांगतात. पण तेथे कायद्याने हक्क दिला होता आणि त्यासोबत नियमही होते. येथे गावाने स्वतःच्याच माळासाठी अर्ज करीत राहायचे आणि शहरातल्याने तो बेवारस समजून पथारी टाकायची, हा न्याय मला समजत नाही.

एक तक्रार माझ्या पेशातली. सड्यावर आवाज परत येत नाही. भिंत नाही, घुमट नाही. गळा मोकळा टाकावा लागतो. धनगरांचे सुंबरान असल्याच मोकळ्या रानात घडले, म्हणून त्यातला सूर लांब आणि उघडा. सांबऱ्याजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांनी पुढे माळव्यातली लोकधून कान देऊन ऐकली, तीही अशीच मोकळ्या रानातली. असल्या जागी रात्री ध्वनिवर्धकाची डबी लावून बसणाऱ्या पोरांना मी काय शिकवणार?

यावर सरसकट बंदी घाला असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. चंदगड आणि आंबोली-दोडामार्ग ही संवर्धन राखीव क्षेत्रे झाली आहेत. तेथे वनखात्याची परवानगी लागेल ती घ्यावीच, आणि २००२ पासून या बाजूला हत्ती येतात हेही ध्यानात ठेवावे. पण मुलांना घरी कोंडले तर पठार त्यांच्या लेखी चित्रातलेच राहील आणि उद्या खाण आली तर बोलायला कोणी उरणार नाही. दिवसभर सड्यावर चालावे. झोपायला गावात यावे. देवळाची ओवरी, शाळेचा व्हरांडा, धनगरवाड्यातला एखादा ओटा विचारला तर मिळतो. ग्रामपंचायतीने माणशी शुल्क घ्यावे, रात्रीला दहा-बाराच जण घ्यावेत आणि सोबत गावचा माणूस द्यावा. त्याची मजुरी गॅसच्या डब्याहून फार महाग पडणार नाही. पहिला पाऊस झाला की भेक अंड्यांवर येतो. तेवढे आठवडे कातळ संध्याकाळनंतर मोकळा सोडावा, आणि हा ठराव पंचायतींनी मे महिन्यातच करून चौकात लावावा.