अनोळखी माणसाला कोट देणारी बाई

रहस्यकथा म्हटली की आपल्याकडे आजही बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार आणि काळा पहाड आठवतात. पाठलाग, पिस्तूल, शेवटी उलगडा, वाचक खूश. आल्फ्रेड हिचकॉक यांचा १९३५ चा ‘द थर्टीनाइन स्टेप्स’ हा इंग्रजी हेरपट वरवर पाहता याच जातकुळीचा. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या १९९९ च्या यादीत तो शंभर ब्रिटिश चित्रपटांत चौथा आला. मला मात्र तो मोठा वाटतो तो हेरगिरीमुळे नव्हे. संकटातल्या परक्या माणसावर विश्वास कोण ठेवतो, हा त्याचा खरा विषय आहे.

लंडनमध्ये रिचर्ड हॅनेच्या (रॉबर्ट डोनॅट) घरी आश्रयाला आलेल्या हेर बाईचा खून होतो आणि आळ त्याच्यावर येतो. पळताना तो दूधवाल्याला खरे काय ते सांगतो, तर तो ऐकूनच घेत नाही. मग ‘विवाहित बाईकडे आलो होतो, बाहेर तिचा नवरा उभा आहे’ अशी थाप मारताच तोच दूधवाला खुशीत आपला कोट आणि टोपी काढून देतो!

तेथून हॅने स्कॉटलंडच्या माळावर एका शेतकऱ्याच्या घरी रात्रीपुरता आसरा मागतो. नवरा वयस्क, देवभक्त आणि कमालीचा संशयी. बायको (पेगी ॲशक्रॉफ्ट) तरुण. हा प्रसंग पाहताना मला बुलडाण्याजवळचे आमचे देऊळघाट आठवते. नवा माणूस दिसला की ‘कुठले पाव्हणे? कोणाकडे आले?’ हे आधी, चहा मागाहून. आणि घरच्या बाईने परक्या पुरुषाशी हळू आवाजात दोन शब्द बोलले तर पुढे काय होते, हे आम्हाला कुणी समजावून सांगायला नको.

ती बाई त्याचे ऐकते आणि खरे मानते. पोलीस येताहेत असे कळताच त्याला उठवते. त्याचे फिकट कपडे अंधारात उठून दिसतील म्हणून नवऱ्याचा काळा कोट देते. पुढे एका प्रतिष्ठित प्राध्यापकाच्या बंगल्यात हॅने भोळेपणाने सारे सांगतो, आणि करंगळीचे पेर नसलेला तो गृहस्थच शत्रूचा म्होरक्या निघतो. त्याची गोळी अडते ती कोटाच्या खिशातल्या प्रार्थनागीतांच्या पुस्तकावर.

इकडे नवरा ते पुस्तक शोधतो. कोट देऊन टाकल्याचे बायको सांगते. तो हात उगारतो, तिची किंकाळी येते, आणि लगेच पडद्यावर दुसऱ्याच ठिकाणचे खदखदा हसणे. या जोडणीचे जाणकार कौतुक करतात, ते योग्यच. पण आमच्या घरी सगळ्यांनी मिळून तो पाहिला तेव्हा बायकांनी गुप्त सूत्राबद्दल काहीच विचारले नाही. ‘त्या बाईचं पुढं काय झालं?’ एवढेच विचारले.

चित्रपट तिकडे पुन्हा फिरकत नाही. वेग हवा, हे मान्य. हातकडीत अडकलेल्या हॅने आणि पामेलाची (मॅडलिन कॅरोल) भांडणे घरच्यांसह मजेत पाहावीत अशीच आहेत. तरीही हिचकॉकसाहेब त्या बाईचे एक दृश्य देणे लागत होते, असे माझे मत. शेवटी रंगमंचावरचा मिस्टर मेमरी विचारलेल्या प्रश्नाला खरे उत्तर देऊ लागतो आणि गोळी खातो. पण मरण्याआधी विमानाच्या इंजिनाचे सारे सूत्र त्याला म्हणू दिले जाते, आणि हॅने शेजारी उभा राहून ते शेवटपर्यंत ऐकतो.