उकळत्या कुंडांतील काठ्या

गेल्या आषाढांत पिण्याचें पाणी चुलीवर ठेविलें असतां धाकट्या नातवानें विचारलें, "आजोबा, उकळत्या झऱ्यांतहि जीव राहतात असें आमच्या पुस्तकांत आहे. मग पाणी उकळून उपयोग काय?" उकळत्या पाण्यांत कांहींहि जगत नाहीं, असें मीं आयुष्यभर मुलांस शिकवीत आलों. तेव्हां प्रश्न त्याचा असला तरी परीक्षा माझी होती.

पुस्तक खरें होतें. आइसलंडांतील ज्वालामुखीजवळच्या कुंडांतून, जवळजवळ ८० अंश उष्णतेच्या व लिंबाच्या सरबताइतक्या आंबट पाण्यांत, सल्फोलोबस नांवाचे एकपेशीय जीव सुखानें नांदतात. ते जंतूंसारखे दिसतात, पण जंतू नव्हेत. हा निराळाच कुलवृक्ष होय, हें कार्ल वूज व जॉर्ज फॉक्स यांनीं १९७७ सालीं दाखविलें. त्या कुलास आज आर्किया म्हणतात.

नवल पुढेंच आहे. ह्या जीवांसहि रोग जडतो! त्यांच्या विषाणूंच्या एका घराण्यास रुडिव्हिरिडी हें नांव आहे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ बारीक काठी. त्यांतील एकाची लांबी सुमारें ९०० नॅनोमीटर, तर जाडी अवघी २३. आंत डीएनएचें दुपदरी सूत्र असतें. अशा कढत अम्लांत तें टिकतें कसें? पाश्चर संस्था व व्हर्जिनिया विद्यापीठ येथील संशोधकांनीं २०१५ सालीं हें कोडें उलगडलें. प्रथिनें त्या सूत्रास सर्व बाजूंनीं असें कवटाळतात कीं, पाण्यास जागाच उरत नाहीं, आणि सूत्र एरवीं कोरडेपणीं घेतें तें आखूड, जाडसर रूप धारण करतें. म्हणजे पाण्यांत राहून कोरडें! लोणच्याची बरणी राखणाऱ्या गृहिणींस ही युक्ति सहज पटेल.

पेशींतून बाहेर पडण्याची त्यांची रीतहि विलक्षण. पेशीच्या आवरणांतून सात बाजूंचे मनोरे वर येतात, पाकळ्यांप्रमाणें उमलतात, आणि त्या दारांतून काठ्या निसटतात. पेशी मरते. ('विषाणु' ह्या शब्दांतील विष मात्र येथें आपल्यासाठीं नाहीं; ह्यांच्यापासून मनुष्यास रोग झाल्याचें आढळलेलें नाहीं.)

नातवास मीं सांगितलें, "बाळ, मास्तरांचें चुकलेंच. पण पाणी उकळावें. पटकीचे जंतू आपल्या अंगच्या उबेंत वाढतात आणि उकळल्यानें मरतात. कुंडांतल्या जीवांस आपल्या अंगांत वाढतांच येत नाहीं."

"म्हणजे आपलें अंग त्यांना हिंवाळाच कीं!" असें म्हणून तो पातेल्यावर झांकण ठेवावयास गेला.